दुसऱ्या खिडकीवरून, काकांना

प्रिय काका,

एप्रिलमध्ये तुम्ही गेलात तेव्हा गावच्या साप्ताहिकात तुमच्यावर एक छोटा मजकूर आला. कुटुंब, बँक, गोल्फ, कर्लिंग. सत्त्याण्णव वर्षं या चार शब्दांत घडी घालून ठेवली होती. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, पण मला जे सांगायचं होतं तेही त्यात नव्हतं. प्रार्थनेनंतर कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या त्या खेळाच्या, क्लबात चहा झाला, तेव्हा तुमच्या लेकीने विचारलं, "तू दोन शब्द बोलतेस का?" मी उभी राहिले आणि मला बोलता आलं नाही. ते राहिलेलं आज लिहितेय.

मराठीत लिहितेय, कारण उपकाराबद्दल बोलायची वेळ आली की मला दुसरी भाषा सुचत नाही. शिवाय पुण्याहून, नागपूरहून आता आमची कितीतरी मुलं कॅनडाच्या या सस्कॅचवन प्रांतात येतात. पहिल्या हिवाळ्यात बावरलेली असतात. त्यांनीही हे वाचावं. तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता, आणि तो तुम्ही कमावला होता. बँकेत मी तुम्हाला 'सर' म्हणायचे, बर्फावर 'स्किप', म्हणजे संघनायक, आणि आमच्या घराचा उंबरा ओलांडलात की 'काका'. गावात सगळे तुम्हाला नावाने हाक मारत. मला ते पन्नास वर्षांत जमलं नाही आणि तुम्ही कधी आग्रह धरला नाहीत.

आम्ही १९७५ च्या जानेवारीत आलो. यांना शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. मूस जॉच्या दक्षिणेला एवढंसं गाव, रेल्वेच्या कडेला धान्याची एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठारं, उभी, आणि नजर जाईल तिकडे सपाट पांढरं. त्याच एप्रिलपासून कॅनडात हवामान सेल्सिअसमध्ये सांगायला लागले. जुनी माणसं फॅरेनहाइटमध्येच कुडकुडायची. तुम्ही मला म्हणालात, उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात, तेव्हा भांडण नको. रात्री गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ती वायरीने विजेला जोडून ठेवायची असते, हेही पहिल्यांदा तुम्हीच दाखवलंत. खातं उघडायला आलेल्या माणसाला इंजिन हीटरची वायर दाखवायला बर्फात बाहेर येणारा मॅनेजर मी पुण्यात पाहिला नव्हता.

पुण्यात मी बँकेत क्लार्क होते. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतरच्या भरतीतली. इथे त्या अनुभवाला किंमत नव्हती. दोन ठिकाणी मला 'कॅनेडियन अनुभव' आहे का असं विचारलं, आणि एका ठिकाणी तर माझ्या एकटीच्या नावाने खातं उघडायलाही नवऱ्याची सही मागितली. तुम्ही सही मागितली नाहीत. आधी काय काम करत होतात, एवढंच विचारलंत. मग गणकयंत्रातून निघालेली एक लांब पट्टी, बेरजेचा भाग फाडून, माझ्यासमोर सरकवलीत. आजोबांनी आमच्याकडून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली होती. मी पेन्सिल न उचलता बेरीज सांगितली. तुम्ही फाडलेला तुकडा उलटा केलात, आकडा पाहिलात आणि म्हणालात, "सोमवारी नऊ वाजता. दुसरी खिडकी."

वरच्या कार्यालयाने हरकत घेतली होती, हे मला दहा वर्षांनी कळलं. तेही तुमच्याकडून नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. तुमच्या घरच्यांनाही ती ठाऊक नाही. तुम्ही कुणाला सांगितली नाहीत, आणि यांना सोडून मीही आजवर नाही.

१९७६ चा शरद ऋतू. गहू निघाला होता. एलिव्हेटरवर धान्य घालून शेतकरी कॅश तिकिटं, म्हणजे धान्याच्या पैशांच्या चिठ्ठ्या, घेऊन शाखेत यायचे, तेव्हा रांग दारापर्यंत जाई. मी अजून प्रोबेशनवर होते. शुक्रवारी संध्याकाळी माझी रोकड जुळेना. शंभर डॉलर कमी. तीनदा मोजली, व्हाउचरं तपासली, टेबलाखाली पाहिलं. तसेच शंभर कमी. माझ्या पर्समध्ये विसाच्या पाच नोटा होत्या, मुलाला बर्फाचे बूट आणायला ठेवलेल्या. मी त्या ड्रॉवरमध्ये घातल्या. शीट जुळली. तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, "छान. जा घरी, अंधार लवकर पडतो."

बँकेतल्या माणसाला सांगायला नको की तूट लपवून स्वतःचे पैसे घालणं हा चोरीच्या शेजारी बसणारा गुन्हा आहे. मला पुण्यातही हे शिकवलं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ही बाई इथलं काम करू शकत नाही, असं कुणी म्हणायला नको.

सोमवारी सकाळी दार उघडताच एक शेतकरी आला. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याला पाच जास्त गेल्या होत्या. त्याने त्या सगळ्यांसमोर माझ्या खिडकीवर ठेवल्या. शुक्रवारी जुळलेल्या रोकडीत सोमवारी शंभर डॉलर जास्त कसे आले, हे तुम्हाला समजायला एक मिनिटही लागलं नाही.

तुम्ही मला आत बोलावलंत. टेबलावर माझी शीट होती आणि त्या पाच नोटा. आवाज चढवला नाहीत. "तुझे पैसे तुला परत मिळतील. पण शुक्रवारच्या या कागदावर माझी सही आहे आणि हा कागद खरं बोलत नाही," एवढंच म्हणालात. मी रडत नव्हते, पण मला समोरचं काही दिसतही नव्हतं. तुम्ही नवा कागद घेतलात, माझ्यासमोर स्वतःच्या हाताने तूट आणि जादा रक्कम दोन्हींची नोंद केलीत, खाली लिहिलंत की कर्मचारी नवी आहे, देखरेखीची जबाबदारी माझी होती, आणि तो कागद वर पाठवून दिलात. मग म्हणालात, "संध्याकाळी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन रिंकवर ये. बर्फ धरलाय."

मला वाटलं, ही शिक्षेची काहीतरी रीत असावी.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कर्लिंग पाहिलं. लांब पत्र्याची शेड, आत तीन शीट, म्हणजे बर्फाचे लांब पट्टे, एकेक दीडशे फुटांच्या आतबाहेर. एक माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलट्या पावली चालत बर्फावर थेंब उडवत होता. अंगणात सडा घालतात तसा. ते थेंब गोठून बारीक दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून सरकतो, सपाट बर्फावर तो इतका धावणारच नाही. पलीकडच्या टोकाला बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं, सगळ्यांत मोठं बारा फुटांचं. त्याला तुम्ही लोक 'घर' म्हणता हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. सडा होता, रांगोळी होती आणि घर होतं.

आणि केरसुणी! तेव्हा नवे ब्रश आले होते, पण तुमचा जुना झाडूच होता, लांब दांड्याचा, पिवळ्या काड्यांचा. पुढे मी शोधून काढलं की त्या काड्या ज्या झाडाच्या, ती आपल्या ज्वारीचीच एक जात. तुम्ही एक दगड ढकललात. चाळीसएक पौंडांचं ग्रॅनाइट. तुमचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एल्सा क्रेग बेटावरचे होते, हे तुम्ही मला नंतर शंभरदा तरी सांगितलं असेल. दगड जाताना गोल फिरत होता आणि हळूहळू वळत होता. तुम्ही त्याच्या शेजारून चालत गेलात आणि झाडूची एक काडी त्याला लावलीत. अगदी अलगद. दगड होता तसाच पुढे गेला.

"हा आता जळला," तुम्ही म्हणालात. "चालता दगड झाडून त्याची वाट सोपी करता येते. त्याला शिवायचं नाही. शिवलं तर जळला."

मी विचारलं, पंच कुठे उभा असतो?

"पंच नसतो. ज्याचा झाडू लागला, त्याने हात वर करायचा आणि सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

तुम्ही थोडा वेळ बोलला नाहीत. मग माझ्या मुलाला उचलून एका दगडावर बसवलंत आणि त्याला ढकलत ढकलत घरापर्यंत नेलंत. तो खदखदून हसत होता. शंभर डॉलरचा विषय तुम्ही त्यानंतर कधीही काढला नाहीत. प्रोबेशन संपल्याचं पत्र वेळेवर आलं.

काका, तुम्हाला माहीत नसेल, पण त्या रात्री घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. तीन दिवस त्यांच्यापासूनही लपवलं होतं.

दोन वर्षांनी मी तुमच्या संघात लीड, म्हणजे पहिले दगड टाकणारी, होते. तुम्ही मला घेतलंत तेव्हा क्लबात थोडी कुजबुज झाली, पण माझं झाडणं चांगलं होतं, त्यावर कुणाला बोलायला जागा नव्हती. दुपारभर अंगण झाडलेल्या बायकांची लेक आहे मी. फेब्रुवारीतल्या बॉनस्पीलचा, म्हणजे कर्लिंगच्या स्पर्धेचा, उपांत्य सामना. शेवटचा एंड, म्हणजे डाव, हॅमर आपल्याकडे, म्हणजे शेवटचा दगड आपला. तो टाकला आपल्या थर्डने, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने, कारण तुमचा गुडघा दुखत होता. दगड थोडा मंद होता. आम्ही दोघी-तिघं जिवाच्या आकांताने झाडत आलो आणि घरात शिरल्यावर तुम्ही स्वतः झाडू घेऊन पुढे झालात. दगड सरकत सरकत मधल्या बटणावर, घराच्या अगदी मध्यावर, बसला. टाळ्या सुरू झाल्या. मी उडी मारली.

तुम्ही हात वर केला होता.

माझ्याखेरीज कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. समोरच्या स्किपलाही काही दिसलं नव्हतं. तुम्ही त्याला म्हणालात, माझी काडी लागली. दगड काढायचा की राहू द्यायचा, हे नियमाने त्याने ठरवायचं. त्याने बराच वेळ दगडाकडे पाहिलं आणि मग पायाने तो बाजूला सारला. आपण हरलो. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजलं. तुम्ही त्याच्याशी अर्धा तास पावसाबद्दल बोलत बसलात. माझ्याकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत, आणि पाहिलं नाहीत म्हणूनच मला समजलं की १९७६ ची ती संध्याकाळ तुम्हालाही आठवत होती.

लक्ष्मीपूजनाचं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. कॅनडातल्या बँकांचं वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं, आणि कर्लिंगचा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो. त्या वर्षी दिवाळीही नेमकी त्याच दिवसांत आली. वर्षअखेरीचं काम उरकून आपण शाखेतून निघालो तेव्हा मी म्हटलं, आज आमच्याकडे या, काकूंनाही आणा. मी पाटावर लक्ष्मी मांडली होती. साळीच्या लाह्या कुठल्या मिळायला? न्याहारीच्या खोक्यातले फुगवलेले तांदूळ ठेवले होते. पुढे आमचं पासबुक, यांची हिशेबाची वही, आणि केरसुणी म्हणून माझा कर्लिंगचा झाडू. सगळ्याला हळदकुंकू. तुम्ही दारातच थांबलात. मी समजावलं की आमच्याकडे आजच्या दिवशी वहीची आणि केरसुणीची पूजा असते, एरवीही केरसुणीला पाय लागू द्यायचा नसतो, ती लक्ष्मी. तुम्ही काकूंना म्हणालात, "बघ, बँक आणि कर्लिंग एकाच पाटावर." त्यानंतर क्लबात कुणी झाडूवर बूट ठेवून उभा राहिला की तुम्ही त्याला तो उचलायला लावायचात आणि कारणही सांगायचात. आजही आमच्या क्लबात झाडू भिंतीला टेकवून ठेवतात. नव्या मुलांना हे कुठून आलं ते ठाऊक नाही.

काकूंचं वेगळं पत्र लिहायला हवं. खजुराच्या वड्या, ज्यांना इथे मॅट्रिमोनिअल केक म्हणतात, त्या कशा करायच्या ते त्यांनी शिकवलं, आणि लेकीच्या बाळंतपणात चाळीस दिवस आमच्या घरी रोज एक डबा आला.

१९८१. आमचं घराचं कर्ज पाच वर्षांचं होतं आणि नेमकं त्याच वर्षी त्याचं नूतनीकरण आलं. ऑगस्टमध्ये बँक ऑफ कॅनडाचा दर २१ टक्क्यांच्या घरात गेला होता. ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांना हा आकडा छापायची चूक वाटेल. मी बँकेत असूनही रात्री झोपत नव्हते. तुम्ही आम्हा दोघांना गोल्फला बोलावलंत. आपल्या गावचं नऊ होलचं मैदान. हिरवळ राखायला पाणी नाही, म्हणून तिथे ग्रीन वाळूचे. वाळूत तेल मिसळून घट्ट केलेलं वर्तुळ, आणि पट करण्याआधी, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलण्याआधी, लोखंडी नळीचं एक ओढणं फिरवून चेंडूला वाट सपाट करून द्यायची. प्रत्येकाने आपलं झाल्यावर पुढच्यासाठी वाळू नीट करून जायचं. सातव्या होलपाशी तुम्ही स्कोअरकार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन रकाने केलेत. एकात पाच वर्षांसाठी दर बांधून घेतला तर काय होईल, दुसऱ्यात एकच वर्ष घेतलं तर काय. "पुढचं मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण एवढा दर पाच वर्षं टिकला तर या प्रांतात शेती उरणार नाही, आणि ते कुणाला परवडणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर पाच वर्षं बांधून घेतली नसती. ठरवायचं तुम्ही." आम्ही एक वर्षाचं घेतलं. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. पण पुढच्या दोन वर्षांत दर पुष्कळ खाली आले आणि घर राहिलं. ते कार्ड माझ्या कपाटात आहे.

सगळ्यांची घरं राहिली नाहीत. त्या दशकात कितीतरी शेतं लिलावात गेली. कर्ज परत मागायचं पत्र पोस्टाने पाठवायची सोय होती. तुम्ही ते कधी पोस्टाने पाठवलं नाहीत. स्वतः गाडी घेऊन जायचात, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगायचात, आणि परत आलात की दुपारभर कुणाशी बोलायचा नाहीत. काही घरांनी तुम्हाला क्षमा केली नाही. प्रार्थनेनंतरच्या चहाला त्यातल्याही दोन घरांची माणसं मागच्या रांगेत आली होती, हे तुम्हाला सांगायचं होतं. एकदा तुम्ही बोललात, १९३० च्या दशकातल्या दुष्काळात तुम्ही शाळकरी पोर होतात. धूळ इतकी की आई ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि अन्न वाढायच्या क्षणी सुलटी करायची. त्या वेळी बँकेतून तुमच्या वडिलांना पत्रच आलं होतं, माणूस आला नव्हता.

गोल्फमध्ये तुम्हाला सर्वांत मोठा आनंद मी दिला, असं तुम्ही म्हणायचात. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यात आहे, १८२९ चा, आणि उत्तर अमेरिकेतला सर्वांत जुना म्हणजे मॉन्ट्रिऑलचा १८७३ चा, हे मी कुठेतरी वाचून तुम्हाला सांगितलं. त्यानंतर तुम्ही भेटेल त्याला ऐकवायचात की माझी कॅशियर ज्या देशातून आली तिथे आपल्याआधी चव्वेचाळीस वर्षं गोल्फ चालू होता.

नागानोचं ऑलिंपिक आपण क्लबातल्या टीव्हीवर एकत्र पाहिलं. १९९८ ची फेब्रुवारी, आपल्याच प्रांतातली, बिगरची सँड्रा श्मिर्लर. बायकांच्या कर्लिंगचं पहिलं सुवर्ण. माझी लेक तुमच्या खुर्चीच्या हातावर बसली होती. दोनच वर्षांनी, छत्तिसाव्या वर्षी श्मिर्लर कर्करोगाने गेली, तेव्हा तुम्हाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. दुसऱ्यांदा काकू गेल्या तेव्हा.

गेल्या वर्षी वृद्धाश्रमात आले होते. तुम्हाला माझं नाव आठवलं नाही. "दुसरी खिडकी," असं म्हणालात आणि माझा हात धरून ठेवलात. टीव्हीवर ब्रायर, पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा, चालू होती. दगड निघाला की तुमचं बोट खुर्चीच्या हातावर झाडल्यासारखं हलायचं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर पुढे मीही एका शाखेची मॅनेजर झाले. माझ्या हाताखाली एका मुलाने रोकड लपवून जुळवली होती. मी दार लावलं नाही, आवाज चढवला नाही. नवा कागद घेतला. याहून मी कुणाला काही सांगितलेलं नाही, त्याचं नावही सांगणार नाही.

आता गुडघ्यांनी मला खाली बसता येत नाही, म्हणून मी उभ्याने काठीने दगड ढकलते. झाडायला नातू येतो.

चहा संपल्यावर तुमच्या लेकीने तुमचा जुना झाडू माझ्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडे असावा असं त्यांनी सांगितलं होतं," म्हणाली. गाडीत तो मागच्या सीटवर आडवा ठेवून आणला. घरी पोचल्यावर पाहिलं तर सीटवर तीन काड्या गळल्या होत्या. त्या मी वेचून पासबुकाच्या कव्हरात ठेवल्या आहेत. पंधरा दिवसांवर लक्ष्मीपूजन आहे. या वर्षी पाटावर दोन झाडू असतील.

तुमची,
दुसऱ्या खिडकीवरची